अल्कोची धाप

डिझेल एंजिनाला जीव नसतो, असे वाफेच्या एंजिनांचे भक्त सांगत असतात. मला ते पटत नाही. दिसायला सारखी वाटणारी ही धुडे कानांनी पारखावीत. कुळे निराळी असल्याचे लगेच कळते.

१९३९ साली जनरल मोटर्सच्या ला ग्रेंज येथील कारखान्यातून 'एफ. टी.' नावाचे, चार जोडांचे ५४०० अश्वशक्तीचे एंजिन निघाले. वीस रेल्वे-कंपन्यांच्या रुळांवर ते ८३ हजार मैलांवर धावले, आणि वाफेच्या राज्याला घरघर लागली. त्याचे यंत्र टू-स्ट्रोक. दट्ट्या एकदा खाली-वर झाला की एक स्फोट. त्यामुळे आवाज सलग, घुमता.

स्केनेक्टडीची अल्को कंपनी म्हणजे वाफेच्या एंजिनांचे जुने घराणे. १९४१ सालचे अजस्र 'बिग बॉय' तिचेच. युद्धकाळात सरकारने लांब पल्ल्याच्या मालगाड्यांची डिझेले जनरल मोटर्सकडे सोपवली. अल्कोच्या वाट्याला मुख्यतः शंटिंगची डिझेले व वाफेची एंजिने आली. (सरकारी वाटणीत असे व्हायचेच!) युद्ध संपताच तिने '२४४' हे यंत्र घाईने बाजारात आणले. ते वारंवार बिघडे. पुढे '२५१' उत्तम निघाले, पण तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या दारी गेले होते.

अल्कोचे यंत्र फोर-स्ट्रोक. स्फोट दट्ट्याच्या दोन फेऱ्यांत एकदा, म्हणून आवाज तुटक, ठोक्याठोक्याचा. शिवाय टर्बोचार्जर सुस्त. ड्रायव्हरने एकदम तेल वाढवले की हवा मागे पडते, आणि अर्धवट जळलेले तेल काळ्या लोटांनी उसळते. अमेरिकेतले शौकीन यांना कौतुकाने 'मानद वाफेची एंजिने' म्हणतात. दोष खरा, पण मला तोच प्यारा.

१९६२ साली भारतात दोन्ही कुळे आली : अल्कोची 'डब्ल्यू.डी.एम.-२' आणि जनरल मोटर्सची 'डब्ल्यू.डी.एम.-४'. अल्को आपली विद्या द्यायला तयार झाली, म्हणून माळ तिच्या गळ्यात पडली. १९६४ पासून वाराणसीत ही एंजिने बनू लागली. १९६९ साली स्केनेक्टडीत एंजिने बांधणे थांबले. गंगाकाठी मात्र हा वंश हजारांनी वाढला. पुढे पुणे-मिरज मार्गावर आदर्कीच्या घाटात, गाडी चढणीला लागली की त्यांची ती तुटक धाप पलीकडच्या डोंगरापर्यंत ऐकू येई.