शिक्क्यांचे पारपत्र आणि पुलमनचे कामगार

पारपत्र म्हटले की परदेश, अंमलदार आणि लांबलचक रांग आपल्या डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत मात्र आपल्याच देशात हिंडण्यासाठी घ्यावयाचे एक पारपत्र आहे. १९८६ साली ‘ईस्टर्न नॅशनल’ या संस्थेने ही खिशात मावणारी निळी पुस्तिका काढली. राष्ट्रीय उद्यानसेवेकडे चारशेहून अधिक स्थळे आहेत. डोंगर-दऱ्या, रणांगणे, किल्ले, थोरांची घरे, सर्व काही त्यांत येते. तेथे मेजावर शिक्का आणि शाईची गादी ठेवलेली असते. शिक्का आपल्याच हाताने उठवायचा. वर स्थळाचे नाव, मध्ये त्या दिवसाची तारीख. पैसा पडत नाही. मुलेच काय, पेन्शनीत निघालेले गृहस्थही या छंदापायी हजारो मैल मोटार हाकतात.

आम्ही जन्मभर वर्गणीच्या पावत्या फाडणारे लोक. शिक्का दिसला की तो कोणाच्या हुकुमाने पडला, हे आम्ही आधी पाहतो. काँग्रेसने कायदा करावा, किंवा राष्ट्राध्यक्षाने १९०६ च्या कायद्यान्वये जाहीरनामा काढावा, तेव्हा जागा राष्ट्राची ठरते. यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांना हा मान १८७२ सालीच मिळाला. लॉवेलच्या कापड-गिरण्यांना १९७८ साल उजाडावे लागले.

लॉवेलमध्ये शेतकऱ्यांच्या मुली साच्यांवर उभ्या राहिल्या. १८३४ साली मजुरी कापली तेव्हा त्या बाहेर पडल्या, १८३६ साली पुन्हा पडल्या. पुढे सारा बॅगली हिच्या पुढाकाराने त्यांनी दहा तासांच्या दिवसासाठी अर्ज केले. आज तेथील बूट गिरणीत जुने साचे चालवून दाखवतात आणि पाहुण्यांना कानांत घालायला बोळे देतात. आमच्या साचेखात्यात असे बोळे कोणी वाटल्याचे आम्हांला आठवत नाही! लॉवेलचा कापूस पिकवीत गुलाम. १८६१ साली यादवी पेटली, तो कापूस तुटला आणि तेथली चाके थांबली. त्याच तुटवड्यात मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांच्या घरी सोन्याचा पाऊस पडला.

पण खरा विचार करायला लावतो तो शिकागोजवळ वसवलेल्या पुलमनचा शिक्का. आगगाडीचे झोपायचे डबे बांधणाऱ्या जॉर्ज पुलमनने १८८० पासून तेथे कामगारांसाठी गाव वसवले. घरे नीटनेटकी होती. पण घरमालक आणि कारखानदार एकच. १८९३ च्या मंदीत त्याने मजुरी कापली, भाडे मात्र उतरवले नाही. मे १८९४ मध्ये संप झाला. युजीन डेब्झच्या अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमनचे डबे ओढण्याचे नाकारले आणि देशातील गाड्या अडल्या. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी २८ जूनला कामगारदिनाच्या सुटीच्या कायद्यावर सही केली, आणि आठवडा उलटण्यापूर्वीच शिकागोत सैन्य उतरवले. संप मोडला, डेब्झ तुरुंगात गेले.

येथेच थांबले तर इतिहास आपल्या सोयीचा होईल. त्या लढाऊ युनियनने काळ्या कामगारांना सभासदच करून घेतले नव्हते. पुलमनच्या डब्यांत बिछाने घालणारे, बूट पुसणारे सेवक काळे. उतारू त्यांना मालकाच्या नावाने ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारीत. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी स्वतःची संघटना उभारली आणि बारा वर्षे झगडून १९३७ साली कंपनीशी करार केला. २०१५ साली ओबामांनी पुलमनला राष्ट्रीय स्मारक केले ते या दोन्ही लढ्यांसाठी. २०२२ साली ते राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले. शिक्का मात्र एकच. त्यावर तारीख असते ती पाहुण्याच्या भेटीची. १८९४ आणि १९३७ त्याने स्वतः विचारून घ्यायचे.

याच शिकागोत १८८६ च्या मे महिन्यात आठ तासांसाठी संप झाला, हेमार्केटला बाँब फुटला आणि पुढच्या वर्षी चार पुढाऱ्यांना फाशी झाली. १८९३ साली उभारलेले त्यांचे स्मारक फॉरेस्ट पार्कच्या दफनभूमीत आहे. १९९७ साली सरकारने त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला, पण उद्यानसेवेच्या चारशे स्थळांत ते मोडत नाही. निळी पुस्तिका निघाली ती त्या संपानंतर बरोबर शंभर वर्षांनी. पुलमनला जाणाऱ्याने एक दिवस राखून तेथेही जावे; पुस्तिका खिशात राहिली तरी चालेल.