गावकुसाच्या दोन बाजू

लहान गावात राहणे म्हणजे ओळखले जाणे. शे-दोनशे उंबऱ्यांच्या वस्तीत कोणीही अनामिक असत नाही. कोणाची सून कोणत्या गावची, कोणाचे शिवार कोणत्या ओढ्यापर्यंत, कोणाच्या घरी आज चूल पेटली नाही, हे साऱ्यांना ठाऊक असते. या ओळखीचा आधार वाटतो, तसाच तिचा जाचही होतो. मराठी ग्रामजीवनाचा इतिहास अभ्यासताना मात्र एक गोष्ट विशेषत्वाने जाणवते. हा आधार आणि हा जाच सर्वांच्या वाट्याला सारखा आलेला नाही. माणसाचे घर गावकुसाच्या आत होते की बाहेर, यावर त्याचे प्रमाण ठरत होते.

भारतीय खेडी ही जणू छोटी प्रजासत्ताके आहेत, राज्ये आली आणि गेली तरी ती टिकून राहिली, असा अभिप्राय चार्ल्स मेटकाफ या प्रशासकाने १८३० साली नोंदविला. पुढे हा अभिप्राय ग्रामगौरवाचा आधार बनला. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. महसूल खात्यातील नोकरीमुळे आत्र्यांना गाव जवळून पाहता आले होते. त्यामुळे त्यांच्या लेखनात भाबडेपणा नाही. वतनदार, अलुते-बलुते आणि फिरस्ते यांचा भार अखेर कुणब्याच्या पिकावर कसा पडतो, हे त्यांनी बारकाईने दाखविले. तरीही हा हिशेब मुख्यतः कुणब्याच्या खळ्यावर उभे राहून मांडलेला आहे, हे नजरेआड करता येत नाही.

याच खळ्याविषयी मोल्सवर्थच्या कोशात एक उद्बोधक नोंद आढळते. त्यात बारा बलुतेदारांच्या तीन ‘कास’ किंवा ओळी दिल्या आहेत. थोरल्या कासेत सुतार, लोहार, महार आणि मांग. मधल्या कासेत कुंभार, चांभार, परीट आणि न्हावी. धाकट्या कासेत भट, मुलाणा, गुरव आणि कोळी. पोथीतील वर्णक्रम येथे जवळजवळ उलटा झालेला दिसतो. याचा अर्थ स्पष्ट आहे. महाराच्या श्रमावाचून आपले चालणार नाही, हे गावाला पुरते ठाऊक होते. वेशीची राखण, चावडीवर माणसे बोलावणे, शिवेच्या तंट्यात साक्ष, परगावी मृत्यूची वार्ता पोचविणे, मेलेली गुरे ओढणे ही सारी कामे त्याचीच होती. गावाची सीमा त्याच्याइतकी कोणालाच माहीत नव्हती. आणि त्याचे घर मात्र त्या गावाच्या वेशीबाहेर होते. बलुत्याच्या हिशेबातील थोरलेपण पाणवठ्यावर उपयोगी पडत नव्हते.

हे वतन म्हणजे मान नसून बंधन आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओळखले होते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी मेटकाफच्या त्या अभिप्रायाचाच समाचार घेतला आणि खेड्याऐवजी व्यक्ती हा संविधानाचा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. ही कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात त्यानंतर दहा वर्षांनी, १९५८ साली झाला.

साहित्यात या दुसऱ्या बाजूचा स्वर उमटण्यास आणखी काळ जावा लागला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, हळूहळू त्यांच्यातला होतो, आणि अखेर दुष्काळाने ती वाडीच उठते. परका माणूस गावाचा होण्याची ही कथा मराठीत अजोड आहे. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. आत्र्यांच्या ग्रंथात बलुते हा पिकातील वाटा होता. पवारांच्या आत्मकथनात तो शब्द जन्माने पदरी आलेल्या दुःखाचे नाव झाला. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) सरपणाची मोळी विकणारी स्त्री त्या लाकडांना आपला एखादा केस वा लुगड्याचा धागा चिकटलेला नाही ना, हे तपासून पाहते, कारण त्यानेही घेणाऱ्याचे घर विटाळेल. मोळी कोणी आणली हे गावाला ठाऊक आहे, तिच्यावाचून चूल पेटत नाही, आणि आणणारीची खूण मात्र घरात चालत नाही. गावाची ओळख गावकुसाबाहेरच्या माणसाला कशी भोगावी लागे, हे याहून नेमके सांगणे कठीण आहे.

म्हणून ‘गावगाडा’ खोटा आणि ‘जिणं आमुचं’ खरे, असा निवाडा करण्याचे कारण नाही. दोन्हींत गाव तेच आहे. पाहणाऱ्याची जागा बदलली आहे. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रामजीवनाचा इतिहास अधिक पूर्णपणे कळेल. गाव कसे होते, हा प्रश्न त्याने जरूर विचारावा; परंतु सांगणाऱ्याचे घर वेशीच्या कोणत्या बाजूला होते, हे त्याआधी विचारून घ्यावे.