कर्नाळ्याच्या माकडाला बिस्किट टाकण्याआधी त्याच्या पोटाचा विचार करा

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळ्याचा सुळका दिसतो. महाड, खेड, चिपळूणला गावी निघालेल्या आपल्या लोकांच्या गाड्या इथे हमखास हळू होतात. रस्त्याच्या कडेला माकडं बसलेली असतात, मागच्या सीटवरची मुलं ओरडतात आणि कुणीतरी खिडकीतून पाव, बिस्किट, केळं नाहीतर वेफर्स टाकतं. टाकणाऱ्याची नियत साफ असते. मुक्या जिवाला खायला घातलं, सवाब मिळाला, असं आपण समजतो.

पण त्या बिस्किटाचं माकडाच्या पोटात गेल्यावर काय होतं? याचं उत्तर पिंजऱ्यातल्या माकडांवर झालेल्या अभ्यासातून मिळतं. तेच इथे सोप्या शब्दांत देत आहोत.

पोटातली वस्ती

माणूस असो की माकड, प्रत्येकाच्या आतड्यात अब्जावधी जीवाणू राहतात. जीवाणू म्हटलं की आपल्याला आजार आठवतो, पण यातले बहुतेक आपल्या कामाचे असतात. पालेभाजी, साल, कोंडा यांतले तंतू आपल्या शरीराला स्वतःहून पचवता येत नाहीत. ते हे जीवाणू आंबवतात. त्यातून जी आम्लं तयार होतात, त्यांच्यावर आतड्याच्या आतल्या अस्तराचं पोषण होतं. शिवाय ही वस्ती भरलेली असली की बाहेरून आलेल्या रोगजंतूला पाय ठेवायला जागा मिळत नाही.

या वस्तीचा नियम साधा आहे. जे खाणं रोज येतं, त्यावर जगणारे जीवाणू वाढतात आणि ज्यांचं खाणं बंद होतं ते उपाशी मरतात. म्हणून खाणं बदललं की वस्तीही बदलते.

माकड वेगळं, वानर वेगळं

आपण दोघांनाही माकडच म्हणतो, पण त्यांची पोटं एकसारखी नाहीत. लाल तोंडाच्या माकडाचं पोट आपल्यासारखं एकाच कप्प्याचं असतं. ते फळं, बिया, किडे, पालवी असं मिळेल ते खातं आणि गालाच्या पिशवीत साठवून ठेवतं. काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या वानराचं मुख्य खाणं पाला. त्याच्या पोटाला अनेक कप्पे असतात आणि आतड्यात जाण्याआधी तिथेच जीवाणू पाला आंबवतात. बकरीचं पोट चालतं, थोडंफार तसंच. बकरीने एकदम भरपूर धान्य किंवा पीठ खाल्लं तर पोट फुगतं आणि कधी ती दगावते, हे बकऱ्या पाळणाऱ्याला सांगायला नको. पाला खाणाऱ्या वानराला गोड आणि पिठाळ खाणं जास्त झालं तर त्याच्याही पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, जुलाब लागतात.

पिंजऱ्यात काय होतं

२०१६ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी दोन जाती घेतल्या: व्हिएतनामच्या जंगलातलं डूक वानर आणि मध्य अमेरिकेतलं हाऊलर माकड. दोन्ही पाला खाणारी, पण जगाच्या दोन टोकांची. जंगलात दोघांच्या पोटातले जीवाणू एकमेकांपेक्षा अगदी वेगळे होते. प्राणिसंग्रहालयात राहणाऱ्यांच्या पोटात मात्र मूळचे बरेच जीवाणू नाहीसे झाले होते आणि दोन्ही जातींची वस्ती एकमेकांसारखी, आणि त्याहून नवल म्हणजे माणसासारखी होत चालली होती. शास्त्रज्ञांना याचा सर्वात जवळचा संबंध खाण्यात कमी झालेल्या तंतूंशी दिसला.

त्याच गटाने पुढे डूक वानरांची आणखी तपासणी केली. पूर्ण जंगली, अर्धी मोकळी, अर्धी कैदेतली आणि पूर्ण पिंजऱ्यातली अशी वानरं पाहिली, तेव्हा एक उतरंड दिसली. जंगलापासून जितकं दूर, तितकी पोटातली विविधता कमी.

हा फक्त प्रयोगशाळेतला आकडा नाही. कैदेतल्या माकडांमध्ये जुनाट जुलाब ही नेहमीची तक्रार आहे. पाला खाणाऱ्या जाती पिंजऱ्यात जगवणं अवघड जातं, ते पोटाच्या विकारांमुळेच. जुलाब झाले की प्रतिजैविकं द्यावी लागतात आणि त्या औषधाने वाईट जंतूंबरोबर चांगलेही मरतात.

खाणं सुधारलं तर?

प्राणिसंग्रहालयातल्या नर गोरिलांचा सर्वात जास्त बळी हृदयविकार घेतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या प्राणिसंग्रहालयाने २००९ पासून आपल्या दोन नर गोरिलांची साखर-पिठाची तयार बिस्किटं बंद केली आणि त्याजागी पालेभाज्या, शेंगा, झाडांच्या फांद्या द्यायला सुरुवात केली. वर्षभरात प्रत्येकाचं वजन सुमारे ३० किलोने उतरलं. खाल्लेलं ओकून पुन्हा खाण्याची त्यांची खोडही गेली.

इंग्लंडच्या पेंटन प्राणिसंग्रहालयाने तर माकडांची केळीच बंद केली. २०१४ साली ही बातमी जगभर गाजली. कारण सरळ होतं. बाजारातली केळी माणसाच्या जिभेसाठी पिकवलेली असतात. रानातल्या फळांपेक्षा त्यांत साखर जास्त आणि तंतू कमी.

कर्नाळ्याशी याचा काय संबंध?

कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ सालचं. आज त्याचं क्षेत्र सुमारे १२ चौरस किलोमीटर आहे आणि मुंबई-गोवा महामार्ग त्याच्यातूनच जातो. जंगलात उंबर, जांभूळ, करवंद, कोवळी पालवी असं माकडाचं स्वतःचं खाणं आहे. पण जे माकड दिवसभर रस्त्याकडेला बसून गाड्यांची वाट बघतं, ते आपल्या हातावर जगू लागतं. कुलूप नाही, गज नाही, तरी खाणं मात्र पिंजऱ्यातलंच. हीच ती अर्धी कैद.

नुकसान पोटापुरतं राहत नाही. गाडीच्या आवाजाला धावणारं माकड एखाद्या दिवशी चाकाखाली येतं. पिशव्या हिसकावायची सवय लागते, मग मुलांना चावे आणि ओरखडे बसतात. उंबर खाऊन लांबवर बी टाकण्याचं जे काम माकडं करतात, तेही कमी होतं.

दीन काय सांगतो, कायदा काय सांगतो

सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ती लहानपणी मदरशात ऐकलेली असते. त्या बाईची चूक काय होती, ते नीट पाहायला हवं. तिने मांजराला खायलाही दिलं नाही आणि जमिनीवरचं स्वतःचं खाणं शोधायला मोकळंही सोडलं नाही. म्हणजे जनावर आपल्या ताब्यात असेल तर त्याला मानवेल असं खाणं देणं ही आपली जबाबदारी. ताब्यात नसेल तर अल्लाहने जमिनीवर त्याच्यासाठी जे ठेवलं आहे, ते त्याला खाऊ देणं हा त्याचा हक्क. आम्हाला वाटतं, कर्नाळ्याच्या माकडाच्या बाबतीत हा दुसरा भाग लागू होतो. तिथे बिस्किट न टाकण्यातच रहम आहे.

कायदाही याच बाजूचा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला खायला घालणं, छेडणं हा गुन्हा आहे. अभयारण्यात प्राण्यांना छेडायला आणि कचरा टाकायला मनाई आहे. वेफर्सचं पाकीट खिडकीबाहेर गेलं की तो कचराच.

आपण काय करू शकतो

- कर्नाळ्यात माकडं दिसली तर काचा वर करा, गाडी हळू चालवा, पण थांबवून खाऊ टाकू नका. केळं आणि चणेसुद्धा नकोत.
- अभयारण्यात फिरायला गेलात तर डबा, पिशव्या बंद ठेवा. उरलेलं जेवण आणि प्लास्टिक घरी परत आणा.
- ईदच्या सुट्टीत मुलांना भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेलंत तर पिंजऱ्यात काही टाकू देऊ नका. तिथल्या प्राण्यांचा आहार ठरलेला असतो.
- माकड चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. हळद, चुना, मिरची लावत बसू नका.
- सदका करायचाच असेल तर तो पाव गावातल्या गरजू घरी द्या, नाहीतर उन्हाळ्यात अंगणात पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवा.

मुलं विचारतील, "अब्बा, माकडाला भूक नसेल लागली?" त्यांना मागचं जंगल दाखवा आणि सांगा, त्याचं दस्तरखान तिकडे मांडलेलं आहे.