पटकथा एकाची, बोली दुसऱ्याची

१९७५ साली पडद्यावर आलेल्या 'निशांत' या हिंदी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत लेखनाची दोन नावे वेगवेगळी येतात. पटकथा विजय तेंडुलकरांची आणि संवाद सत्यदेव दुबे यांचे. दिग्दर्शक श्याम बेनेगल हैदराबाद परिसरात जन्मलेले आणि वाढलेले. कथेचा काळ १९४५ चा, मुलूख तेलंगणाचा. म्हणजे गोष्ट तेलुगू भूमीतली, बांधणी मराठी लेखकाची आणि पात्रांच्या तोंडी हिंदी. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि आजोबांच्या कागदपत्रांत उर्दू अशा जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रकार परका वाटू नये. मात्र एका चित्रपटाला दोन लेखक का लागतात, याचे उत्तर शोधू लागले की मराठी चित्रपटाचा सगळा आरंभकाळ डोळ्यांपुढे येतो.

आधी पटकथा म्हणजे काय ते पाहू. काय घडले ती कथा, कोण काय बोलले तो संवाद. प्रेक्षकाला काय दिसावे, कोणत्या क्रमाने दिसावे आणि काय दडवून ठेवावे, हे ठरवणे म्हणजे पटकथा. जुन्या पद्धतीच्या हस्तलिखितात पानाचे दोन भाग केलेले असत. डावीकडे दृश्य, उजवीकडे संवाद व आवाज. उजवी बाजू कोऱ्या कागदाने झाकली तरी डाव्या बाजूवरून गोष्ट कळली पाहिजे, ही पटकथेची खरी परीक्षा.

आपल्याकडे ही परीक्षा व्यवहारानेच घेतली. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत काढला. नुसत्या मराठी प्रेक्षकांवर एवढा खर्च भरून निघणे कठीण, म्हणून सेट तोच ठेवून प्रसंग दोनदा चित्रित करायचे. १९३७ च्या 'कुंकू'ची गोष्ट ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरची. त्याच चित्रपटाची हिंदी आवृत्ती 'दुनिया न माने', आणि तिचे संवाद मुन्शी अझीझ यांचे. त्यात म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातले जुने घड्याळ त्याच्या सरत्या वयाची आठवण देत राहते. घड्याळाच्या टिकटिकीचे भाषांतर करावे लागत नाही. 'प्रभात'च्या लेखकांना हे पक्के ठाऊक होते.

१९४१ च्या 'शेजारी'चे उदाहरण तर आणखी बोलके आहे. लेखक विश्राम बेडेकर. धरण बांधू पाहणारा ठेकेदार दोन जिवलग शेजाऱ्यांत, एका हिंदू आणि एका मुसलमान म्हाताऱ्यात, वितुष्ट पाडतो आणि शेवटी धरण फुटते, ही गोष्ट. मराठीत हिंदू शेजाऱ्याची भूमिका केशवराव दाते यांची, तर 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत ती मझहर खान यांनी केली. मुसलमान शेजारी मात्र दोन्हीकडे गजानन जागीरदारच. नट बदलला, भाषा बदलली, तरी धरण त्याच ठिकाणी फुटले. पटकथा आणि संवाद ही दोन वेगळी कामे आहेत, हे आपल्याकडे पुस्तकांनी शिकवले नाही. दोन भाषांच्या बाजारपेठेने शिकवले.

ही परंपरा पाठीशी ठेवून पुन्हा 'निशांत'कडे येऊ. गावच्या जमीनदाराचे भाऊ देवळातले दागिने चोरतात आणि पुढे शाळामास्तरच्या बायकोला पळवून वाड्यात आणून ठेवतात. मास्तर पोलिसांकडे जातो, कलेक्टरकडे जातो. कोणी दाद देत नाही. शेवटी पुजाऱ्याच्या साथीने तो गाव पेटवतो. हा पुजारी पडद्यावर साकारला तोही संवादलेखक दुब्यांनीच. पण तेंडुलकरांची पकड खरी दिसते ती शेवटात. उठलेला जमाव जमीनदाराला मारून थांबत नाही. ज्या बाईसाठी सारे सुरू झाले, तीही त्यात जाते. अन्याय संपल्याचे समाधान लेखकाने प्रेक्षकाला घरी नेऊ दिले नाही.

निजामी राजवट अनुभवलेल्या आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट समजायला दुभाषी लागला नसता. आपण गढी म्हणतो, तेलुगूत गडी म्हणतात. आपली वेठ, त्यांची वेट्टी. १९४८ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगणा एकाच अमलाखाली होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून तिकडे गेले, तर मुधोळ, भैंसा, कुबीर ही मंडळे नांदेडकडून इकडे आली. सीमारेषा सरकली, पण शब्द आणि सोयरीक दोन्ही बाजूंना राहिली.

आता थोडे धंद्याविषयी. 'निशांत'नंतर वर्षभरातच तेंडुलकरांनी बेनेगलांसाठीच 'मंथन'ची पटकथा लिहिली. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून तो चित्रपट उभा केला. येथे संवाद कैफी आझमींचे होते, पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मात्र तेंडुलकरांना मिळाला. पुढे 'आक्रोश' (१९८०) आणि 'अर्धसत्य' (१९८३) आले. 'अर्धसत्य' श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या मराठी कथेवरचा आणि त्याचे संवाद वसंत देवांचे. एवढे असूनही पटकथालेखकाचा हक्क बराच काळ कच्चाच राहिला. एकदा मोबदला घेतला की संबंध संपला, अशी रीत होती. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी लेखकाचा स्वामित्वधनातला वाटा राखून ठेवला. नव्या लेखकांनी करारावर सही करण्यापूर्वी हे जाणून घ्यावे.

या सगळ्यातून आपल्या जिल्ह्याने काय घ्यावे? कोमुरम भीम आपल्याच मातीतला. जल, जंगल, जमिनीसाठी तो निजामाच्या अमलाविरुद्ध लढला आणि १९४० साली जोडेघाट येथे धारातीर्थी पडला. २०२२ साली 'आरआरआर' चित्रपटामुळे भीमाचे नाव जगभर गेले. विजयेंद्र प्रसाद यांच्या त्या कथेत भीम दिल्लीला जातो, अल्लुरी सीतारामराजूंना भेटतो आणि इंग्रज गव्हर्नराशी लढतो. प्रत्यक्षात अशी भेट झाली नव्हती. कल्पनेला मुभा असते, ही तक्रार नव्हे. पण त्या कथेत निजामाचे जंगल खाते, महसुली जुलूम आणि गोंडांची शेती मागे पडली. जे आपल्या आजोबांनी पाहिले, ते कोणाच्याच डाव्या बाजूच्या रकान्यात आले नाही.

म्हणून तरुणांना एक सुचवावेसे वाटते. सीमेवरच्या माणसाला एक गोष्ट दोन भाषांत सांगायची सवय असते. आई मराठीत विचारते, दुकानदाराला तेच तेलुगूत सांगावे लागते. कोणता शब्द बदलला तरी चालेल आणि कोणती गोष्ट बदलता कामा नये, हे आपल्याला लहानपणापासून कळत आलेले असते. 'प्रभात'चे लेखक तेच काम मोबदला घेऊन करत होते. गढी, वेठ, पोलीस ॲक्शन, पुनर्रचनेच्या वेळी एका घराचे दोन राज्यांत पडलेले नातलग, हे सारे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांचे बोलणे, त्यांच्याच तोंडच्या शब्दांत, तेलुगू आणि उर्दू मिसळलेल्या मराठीत, उतरवून ठेवावे. बाहेरचा जाणता लेखक आपल्या मुलखाची गोष्ट नेटकी बांधू शकतो, हे तेंडुलकरांनी दाखवून दिले आहे. त्या गोष्टीतल्या माणसांनी कसे बोलावे, हे मात्र त्याला इथल्याच कोणीतरी सांगावे लागेल.