अस्तंभ्याचा डोंगर आणि पाड्यांची साक्ष

नर्मदा आणि तापी यांची खोरी विभागणाऱ्या सातपुड्याच्या रांगेत, नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, अस्तंभ्याचे शिखर उभे आहे. त्याची उंची सुमारे १,३२५ मीटर असून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांतून झालेल्या काळ्या पाषाणाचे ते बनलेले आहे.

अस्तंभा हे नाव अश्वत्थाम्याशी जोडले जाते. महाभारताच्या सौप्तिकपर्वातील शापानुसार त्याने ३,००० वर्षे निर्जन प्रदेशांत, कोणाशीही न बोलता, एकाकी भटकावयाचे आहे. या डोंगराचा तेथे निर्देश नाही. लोकपरंपरेने शापाला स्थळ तर दिलेच, शिवाय त्यातील मुख्य अटही मोडली. येथे अश्वत्थामा ऋषी झाला आहे. मस्तकावरील जखमेसाठी तो वाटसरूंकडे तेल मागतो, अशी समजूत आहे. आणि दिवाळीत हजारो यात्रेकरू तळोद्याच्या बाजूने डोंगर चढून त्याच्या दर्शनास जातात. ज्याला मनुष्याचा सहवासच निषिद्ध, त्याच्या दारी यात्रा भरते! या कथेस केवळ संस्कृतीकरणाचा नमुना मानणे म्हणूनच अपुरे ठरते. ग्रंथातील शाप डोंगरातील माणसांनी जसाच्या तसा घेतलेला नाही.

ही माणसे मुख्यतः भिल्ल आणि पावरा. त्यांची गावे एकवट नसून पाड्यापाड्यांत विखुरलेली, घरेही ज्याच्या त्याच्या शेतात. पावरा समाजात पूर्वज पावागडाकडून आल्याची परंपरा आहे. अशा वस्तीचे दप्तर कोठून असणार? लिखित पुरावा आहे तो बहुतांशी शासनाचा. इ. स. १८१८ नंतर खानदेश इंग्रजी अमलाखाली आला. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलाची चौकट घातली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट कागदावर अतिक्रमण ठरू लागली.

मौखिक परंपरेचे मूल्य हा येथे केवळ अभ्यासपद्धतीचा प्रश्न नाही. त्यावर जमिनीचा हक्क अवलंबून असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील २००८ च्या नियमांनी दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथन, तसेच घरे, विहिरी, दफनभूमी व पवित्र स्थाने यांसारख्या खुणा पुरावा म्हणून ग्राह्य धरल्या. इतिहासकार ज्या स्मृतीस दंतकथा म्हणून बाजूस सारीत आले, तिची दखल ग्रामसभेच्या वनहक्क समितीस आता घ्यावी लागते.