टांगाइलची छत्रीउडी आणि पलटणीचें मूळ

गडहिंग्लजपासून बेळगांवचें मराठा केंद्र जवळ असल्यानें या भागांतील जुन्या घरांत लष्करी दाखले आढळतात. ते वाचतांना पलटणींच्या नामांतरांचा मोठा घोटाळा होतो. त्याचें एक ठळक उदाहरण येथें देतों.

११ डिसेंबर १९७१ रोजीं सायंकाळीं लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू आपल्या छत्रीधारी पलटणीसह पूर्व बंगालांत टांगाइलजवळ उतरले. मैमनसिंगकडून ढाक्याकडे हटणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट लोहजंग नदीवरील पुंगली पुलाशीं अडवावयाची होती. शत्रूचा कांहीं भाग आधींच पुढें निसटला होता, हें खरें. तथापि पूल त्याच रात्रीं हातीं आला व मागून येणारांची कोंडी झाली. १६ डिसेंबरला हीच पलटण ढाक्यांत प्रथम शिरली. पन्नूंस महावीरचक्र मिळालें.

कागदोपत्रीं ही दुसरी पॅराशूट पलटण. तिचें मूळ मराठा आहे, याचा या नांवावरून थांगही लागत नाहीं. इ. स. १७९७ मध्यें मुंबई इलाख्याच्या फौजेंत ती उभी राहिली. पुढें ती ११० वी मराठा झाली व १९१६ मध्यें कूतच्या वेढ्यांत कैद झाली. १९२२ च्या फेररचनेंत ती पांचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण ठरली. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत मशीनगनच्या मोर्चावर एकट्यानें तुटून पडून धारातीर्थीं पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. दुसऱ्या महायुद्धानंतर ती छत्रीधारी झाली आणि १९५२ मध्यें नव्या पॅराशूट रेजिमेंटमध्यें गेली.

आतां १२ डिसेंबरची गोष्ट पाहा. पुंगलीशीं पन्नूंना येऊन मिळाली ती जमालपूरहून भूमार्गानें आलेली कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांची पहिली मराठा, म्हणजे इ. स. १७६८ ची ‘जंगी पलटण’. एकाच रेजिमेंटची थोरली व तिसरी पलटण परमुलुखांत एका पुलावर भेटल्या. (सेनानी मात्र दोघेही शीख!) नुसतीं नांवें वाचणाऱ्यास यांत दोन परक्या पलटणींखेरीज कांहींच दिसणार नाहीं.

यास्तव संग्राहकांनीं ‘११० वी मराठा’, ‘तीन-पांच मराठा’, ‘तिसरी मराठा’ व ‘दुसरी पॅराशूट’ या नांवांचे दाखले एकाच दप्तरांत ठेवावे आणि प्रत्येकावरील सन अवश्य टिपून घ्यावा.