उसनं इंजिन

दीपनगरात वाढलेल्याला वीज कुठून येते हे शिकवावं लागत नाही. तापीचं पाणी, कोळशाच्या वाघिणी, ५०० मेगावॅटचे ते दोन संच. म्हणून 'इलेक्ट्रिक पिकअप' म्हटलं की मला आधी चिमणी दिसते! पण आज विषय त्या गाडीच्या पोटातला.

रावेर-यावलची केळी वाहणारी महिंद्राची पिकअप घ्या. या कंपनीने १९४७ साली मुंबईत अमेरिकन विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे डिझेल इंजिन आलं ते फ्रान्सच्या पेजोच्या परवान्यावर. टेल्कोनेही १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझचा हात धरला. १९६९ ला करार संपला तेव्हा ट्रक आपला झाला होता. उसनं घ्यायचं, खोलून बघायचं, मग स्वतः करायचं.

विजेच्या गाडीतही भागीदाऱ्या आहेतच. २०१० मध्ये महिंद्राने बंगळूरची रेवा ताब्यात घेतली, २०१६ ला ई-सुप्रो ही छोटी मालवाहू आणली. २०१९ मध्ये फोर्डशी संयुक्त कंपनीचा करार झाला, ३१ डिसेंबर २०२० ला बारगळला. मग २०२४ मध्ये फोक्सवॅगनशी करार, मोठ्या मोटारींसाठी काही विद्युत भाग आणि बॅटरीचे सेल पुरवण्याचा.

इथे मात्र मी अडखळतो. डिझेल इंजिन मेस्त्रीने खोललं, तसा सीलबंद सेल कोण खोलणार? त्यातली विद्या रसायनाची, पान्याला न लागणारी. पुरवठ्याचा करार संपला की हातात कारखाना उरतो की नुसत्या पावत्या? आपल्या घरातली दोन पोरं चाकणला आहेत, दिवाळीत आली की त्यांनाच धरतो.